बिनकवाडी घर

रेश्माच्या माहेराला दार होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं.

दार चांगलं जाडजूड होतं. तिच्या भावानं, आदिनाथनं, तिसगावात नवं घर बांधलं तेव्हा हौसेनं बसवलेलं. आतून सरकवायची लोखंडी कडी. तिचा 'खट्ट' आवाज परसातल्या शेवग्यापर्यंत जायचा. तो झाला की घरातली माणसं हुश्श करायची, चला, पोरगं आत आहे. रेश्माला मात्र दर वेळी वाटायचं, ही कडी पोराला लागली तशी मलाही लागली.

तिचं सासर शनिशिंगणापूरचं. तिथल्या जुन्या घरांना चौकटी असतात, कवाडं नसतात. राखणीला देव उभा असताना कवाडं कुणाला भिऊन लावायची, असं म्हणत सासरच्या चार पिढ्या तिथं नांदल्या होत्या. नवी नवरी होऊन गेली तेव्हा रेश्माला पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग सवय झाली. सकाळचं ऊन न विचारता घरात यायचं, चुलीपर्यंत जायचं. शेजारीण चौकटीतूनच साद घालून पीठ मागायची. वारा यायचा तो उसाचा वास घेऊन यायचा. त्या घरात तिला पार्थ झाला, आणि पार्थ पायांवर उभा राहिला तसं ते उघडं घर तिच्या जिवावर उठलं.

पार्थ आता सात वर्षांचा. गोरागोमटा, कुरळ्या केसांचा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. नगरच्या डॉक्टरांनी 'स्वमग्नता' असं त्याचं नाव सांगितलं होतं. पण नावापेक्षा त्याचं निघून जाणं भारी होतं. पापणी लवायच्या आत तो चौकटीतून बाहेर पडायचा, वस्तीवरून, उसातून, थेट रस्त्याला. एका शनिवारी तर दर्शनाच्या गाड्यांच्या गर्दीत सापडला. एका ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला.

त्या दिवशी रेश्माचा नवरा राम बापापुढं उभा राहिला. "आण्णा, येक दार बसवू. पोराच्या जिवाचा सवाल हाय."

सहादेवआण्णांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन दिवस ताटावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी रेश्मानं आपणहून पिशवी भरली. निघताना सासऱ्यांच्या पाया पडली तेव्हा तिला वाटलं, मामा म्हणतील, थांब पोरी. मामा खाटेवर रस्त्याकडं पाठ करून बसले होते.

त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. राम जमेल तेव्हा यायचा, पार्थसाठी खारी आणायचा, आणि निघताना दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत.

रेश्माची आई, कडूबाई, दळणाच्या ओव्यांत मुरलेली बाई. जातं कधीच परसात पालथं पडलं होतं, गिरणी झाली होती, पण शेंगा फोडताना, कांदे निवडताना तिच्या ओठांवर ओवी असायचीच. सगळ्या ओव्या माहेराच्या. भाऊ येतो, गाडी जुंपतो, बहीण माहेराला जाते, वाटेवर पाय ठरत नाही. रेश्मा ऐकायची आणि मनातल्या मनात ती ओवी उलटी लावायची.

जगाच्या लेकीबाळी मागती माहेराला
माझा गं जीव लागे बिनकवाडी घराला

आपण उरफाट्या काळजाची बाई आहोत की काय, असं तिला वाटायचं. माहेरात बसून सासर मागणारी!

आणि अशात मैत्रेयीमॅडम आल्या.

त्या नगरहून यायच्या. पार्थसारख्या मुलांना स्वतःचं स्वतः काय करता येतं, कशात किती आधार लागतो, हे घरी येऊन बघायचं आणि पुढची शिकवण ठरवायची, हे त्यांचं काम. रुपालीनं, म्हणजे आदिनाथच्या बायकोनं, खुर्ची पुढं केली, तर त्या पार्थच्या शेजारी फरशीवरच मांडी घालून बसल्या. पार्थ बाटल्यांची बुचं एका रांगेत लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पार्थ जेवतो कसा?" मॅडमनी विचारलं.

"मी भरवते," रेश्मा म्हणाली.

"अंघोळ?"

"मी घालते."

"कपडे?"

"ते बी मीच. बटनं लई बारीक असत्यात."

मॅडम हसल्या. "रेश्माताई, तुम्हाला सगळं येतं हे कळलं. आता पार्थला काय येतं ते सांगा."

कडूबाईनं तोंडाला पदर लावला. रेश्मा लाजली, आणि मग तिनं मनात योजलेलं बोलायला सुरुवात केली. मॅडमनी 'पोरगं बरं आहे' असा शेरा दिला तर आपल्याला घरी जाता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "तसं समदं कळतं त्याला. हाक मारली की येतो. सांगितलं की बसतो."

"कवा गं?" कडूबाई म्हणाली.

"येतो की. कधीमधी."

"म्या तर न्हाई बघितला. बाई, माझी लेक खोटं बोलनारी न्हाई, पर आज बोलती हाय. का बोलती ते तिला इचारा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "रेश्माताई, तुम्हाला काय हवंय?"

"मला घरी जायचंय," रेश्मा म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. "म्हंजी हितं काय वनवासात हाय व्हय वन्सं? ताटावरचं ऊन ऊन खाताय की."

"तसं न्हाई वहिनी..."

"तसंच हाय ते. जाऊ द्या, आमचं काय."

मॅडमनी मग दोघींनाही बोलू दिलं नाही. त्यांनी दूध-भाकरी कुस्करून वाटी पार्थपुढं ठेवली, चमचा ठेवला, आणि रेश्माला म्हणाल्या, "आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

नुसतं बघणं एवढं अवघड असतं हे रेश्माला ठाऊक नव्हतं. पार्थनं चमचा उलटा धरला, दूध कोपरापर्यंत ओघळलं. रेश्माचे हात शिवशिवले. तिनं ते दोन्ही मांडीखाली दाबून धरले. बऱ्याच वेळानं चमचा सुलटा झाला. निम्मं सांडलं, निम्मं पोटात गेलं. वाटी रिकामी झाली तशी त्यानं ती पालथी घातली आणि पुन्हा बुचांकडं वळला. आपलं पोर हातानं जेवलं, आणि आपण सात वर्षं त्याच्या आणि चमच्याच्या मध्ये बसलो होतो, असं रेश्माच्या मनात आलं. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"आता कडी काढा," मॅडम म्हणाल्या.

"कशाची?"

"दाराची. दार उघडं टाका, आणि सगळ्या जागच्या जागी बसा. मी आहे."

रुपाली ओले हात घेऊन धावत आली. "मॅडम, आमी जीव मुठीत धरून ऱ्हातो हितं. पोरगं गेलं म्हंजी?"

"मी आहे ना."

कडी निघाली. दार सताड उघडलं. बाहेरून रस्त्यावरची भोंग्याची भाजीगाडी ऐकू आली, उन्हाचा एक पट्टा फरशीवर आला, बुचांवर पडला. पार्थनं मान वर केली. उठला. तो दारापर्यंत गेला, उंबऱ्याशी थांबला, दाराचं एक कवाड ओढलं, दुसरं ओढलं, टाचा उंचावून कडी सरकवली. खट्ट! मग परत येऊन बुचांपाशी बसला, जसं काही झालंच नाही.

मॅडमनी पुन्हा दार उघडलं. त्यानं पुन्हा लावलं.

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा रुपाली हळूच म्हणाली, "म्हंजी रोज कडी हा लावतो व्हय? मला वाटायचं वन्सं लावत्यात."

"मला वाटायचं तुमी लावता, वहिनी."

कडूबाईनं कपाळावर हात मारला. "आन म्या म्हनायची, ह्या दोघी पोराला कोंडून मारत्यात."

मॅडमच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. त्यांनी विचारलं, "शिंगणापूरला असताना तो घरात काय काय बंद करायचा?"

रेश्माला प्रश्नच कळेना. "तिथं बंद करायला हायच काय, मॅडम?"

मॅडमनी पार्थकडं बघितलं. "मला त्याला त्या घरात बघायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी त्याला जाताना अडवलंय. तो जातो कुठं, हे कुणी बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. पळणाऱ्या पोराला माणूस पकडतं, त्याच्या मागं मागं चालत नाही.

दोन आठवड्यांनी कल्याण नावाच्या ड्रायव्हरची जीप ठरली. सकाळी तिसगाव सोडलं, मिरी मागं पडली, घोडेगावचा फाटा आला. रेश्मानं मांडीवर छोटी पिशवी धरली होती. एका दिवसाचंच जाणं होतं, संध्याकाळी मॅडमबरोबर परत यायचं होतं, तरी तिनं दोन लुगडी जास्तीची कोंबली होती. कडूबाईनं ते बघितलं होतं आणि काही न बोलता वर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला होता.

शिंगणापूरच्या रस्त्याला लागलं तशा दोन्ही बाजूंनी रसवंत्या सुरू झाल्या. लाकडी घाणे, गोल फिरणारे बैल, त्यांच्या गळ्यातले घुंगूर. त्यातलीच एक रामची. पार्थ काचेला नाक लावून बसला होता. त्याला काही आठवत होतं की नाही, देव जाणे. रेश्माला तर प्रत्येक बाभूळ ओळख देत होती. जीप वस्तीकडं वळली आणि लांबून घर दिसलं, तीच चौकट, आतला तोच अंधार, आणि अंधारात चुलीचा इवलासा लाल डोळा. दारं लावलेली घरं लांबून ओळख देत नाहीत, हे घर लांबूनच 'ये' म्हणत होतं.

सासू, रतनबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन चौकटीत उभी होती. तिनं नातवावरून तुकडा ओवाळून टाकला, सुनेवरून टाकला, जरा थबकली आणि मॅडमवरूनही टाकला. "तुमाला बी दिष्ट लागंल बाई, लई लांबनं आलाय."

"कशी हाय गं?" मग तिनं सुनेला विचारलं.

"बरी हाय आत्या."

"बरी कशाची. गळ्याची हाडं दिसाय लागली." आणि पदरानं डोळे टिपत ती आत चहा ठेवायला गेली.

सहादेवआण्णा लिंबाखाली खाटेवर होते. रेश्मा पाया पडली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण रामला म्हणाले, "उन्हाची आली ती. पानी दे आदी."

तेवढंच. रेश्मानं ओंजळीत पाणी धरावं तसं ते वाक्य मनात साठवलं.

मॅडमनी सगळ्यांना समजावलं. पार्थ निघाला तर धरायचं नाही, हाक मारायची नाही. राम त्याच्या डाव्या हाताला, त्या स्वतः उजव्या हाताला, आणि रस्ता आला की राम गाड्यांच्या बाजूनं.

"आन त्यो पार नेवाश्याला निघाला तर?" आण्णांनी खाटेवरूनच विचारलं.

"तर आपण नेवाश्याला जाऊ, आजोबा."

"मंग चपला घाला चांगल्या," आण्णा म्हणाले. राम हसला. दोन दिवाळ्यांत बापाच्या तोंडून थट्टा त्यानं पहिल्यांदाच ऐकली.

पार्थ घरात शिरला. हंड्याभोवती फिरला, कणगीला हात लावला. मग चौकटीशी आला. त्यानं डाव्या बाजूला हात नेला आणि चौकटीचं लाकूड चाचपलं. उजव्या बाजूला नेला, चाचपलं. वर बघितलं. मग रिकाम्या हवेत त्याचं बोट सरकलं, तिसगावची कडी सरकवावी तसं. आवाज झाला नाही. त्यानं पुन्हा सरकवलं. आवाज झाला नाही. त्याच्या घशातून बारीक कण्हल्यासारखा सूर निघाला, आणि तो बाहेर पडला.

तो पळाला नाही. कुणी पाठीस लागलं नाही म्हणून असेल, तो चालला. बांधावरून, उसाच्या कडेनं, पाटावरच्या फरशी-पुलावरून. दोन्ही बाजूंना राम आणि मैत्रेयीमॅडम, आणि सगळ्यांच्या मागं पदर खोचलेली रेश्मा. त्याचा तो सूर चालूच होता. रस्ता आला. एक गाडी सूं करत गेली, पार्थनं तिकडं बघितलंही नाही. रामनं आपलं अंग मध्ये घातलं. मॅडमनी ते नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

रामच्या रसवंतीपुढं एक पांढरी मोटार उभी होती. माणसं बाकड्यावर रस पीत होती, मोटारीची मागची दोन्ही दारं वाऱ्याला उघडी. पार्थ सरळ तिकडं गेला. त्यानं दोन्ही हातांनी दार ढकललं. धप्प! वळसा घालून पलीकडचं ढकललं. धप्प!

"ए पोरा, काय लावलंय? चावी आत हाय!" एक भलामोठा माणूस रसाचा ग्लास घेऊन उठला.

"असू द्या दादा, माझा पोरगा हाय," राम म्हणाला. "दुसरा ग्लास घ्या. ह्यो माझ्याकडनं."

मोटारीपलीकडं पीकअप होता, त्याचंही दार उघडं होतं. पार्थनं ते लावलं. मग तो थांबला. घशातला सूर बंद झाला. घाण्याजवळच्या सावलीत चिपाडांच्या ढिगाशी तो बसला आणि एकेक चिपाड शेजारी शेजारी लावू लागला. खांदे खाली आले होते. अंगणात खेळणारं कुठलंही पोर बसावं तसा बसला होता.

"राम, पूर्वी हा सापडायचा कुठं?" मॅडमनी विचारलं.

"रस्त्यालाच. कायम गाड्यांपाशी. लोक वरडायचे, पोरगं गाडीला हात लावतंय म्हनून." राम बोलता बोलता अडखळला. "मला वाटायचं, ह्याला गाडीत बसून जायाचंय. हितनं कुठं तरी."

रेश्मा घुंगरांच्या आवाजात उभी होती. तिलाही तेच वाटायचं. लेकराला आपण नको आहोत, हे घर नको आहे, म्हणून तो जातो. इतकी वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. तो जात नव्हता. त्या घरात त्याच्या हाताला लावायला काही नव्हतं, ते शोधत तो रस्त्यापर्यंत यायचा. आणि ते सापडलं की कुणीतरी त्याला बखोटीला धरून परत न्यायचं.

तिनं त्याच्यापुढं बसून एक चिपाड हातात दिलं. त्यानं ते घेतलं, तिच्याकडं न बघता, आणि रांगेत लावलं.

दुपारी चौकटीच्या सावलीत सगळे बसले. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "त्याचं जाणं बिनकारण नाही, हे आज दिसलं. पण मी एकच दिवस बघितलंय. आणि गाडी अंगावर येते हे त्याला कळत नाही, हेही मी बघितलं. ते मला लिहावंच लागेल. घर कुठलंही असो, तो बाहेर पडला की मोठं माणूस सोबत हवं. आज, उद्या, कदाचित पुढची पुष्कळ वर्षं."

"म्हंजी तिसगावच बरं," रेश्मा म्हणाली. आवाज कसनुसा झाला.

"मी तसं म्हटलं नाही. घरात त्याला लावायला काही मिळालं तर तो बाहेर जायचा कमी होईल असं मला वाटतं. करून बघायला हवं."

"डबे लावू द्या की त्याला," रतनबाई म्हणाली, आणि फळीवरचे सगळे डबे उघडून तिनं नातवापुढं मांडले. पार्थनं पिठाचा लावला, डाळीचा लावला, मिठाची बरणी फिरवून घट्ट केली. "अगं बया! आता माझी मीठ काढायची पंचाईत. रेश्मा, बघ गं, सुटती का ती बरनी." बरणी सुटली नाही. रामलाही सुटली नाही. रतनबाई पोट धरून हसली, आणि मग सगळेच हसले. डबे संपले तसा पार्थ उठून पुन्हा चौकटीशी गेला आणि लाकूड चाचपू लागला. त्याच्या घशात तो सूर पुन्हा सुरू झाला.

हसणं थांबलं. कुणी आण्णांकडं बघितलं नाही, पण सगळ्यांना ते दिसत होते.

आण्णा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठले, भिंतीला टेकवलेल्या फळीपाशी गेले. कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीत आडवी लावायची ती फळी, कमरेएवढी. वस्तीवरच्या सगळ्या घरांत असते तशीच. त्यांनी ती चौकटीत धरली, कडेच्या खाचेत बसवली. टक्क! मग काढली आणि नातवाच्या हातात दिली.

"अवो," रतनबाई हलक्यानं म्हणाली, "दाराचं नाव काढलं तवा तुमी दोन दिस जेवला न्हाई."

"ही फळी हाय."

"फळी हाय, पर..."

"कुत्र्यापायी आजानं लावली, बापानं लावली. तवा देव रागावला न्हाई. आता नातू लावंल. त्याला समदं ठावं हाय." आण्णांनी मंदिराच्या दिशेला हात जोडले आणि वळून रेश्माकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "तवाच सुचाय पायजे हुतं. माझ्या डोक्यात दारच बसलं हुतं, पोरी. दार न्हाई, दार न्हाई, येवढंच."

पार्थनं फळी दोन्ही हातांनी उचलली. एक टोक खाचेत गेलं, दुसरं हुकलं. रेश्माचे हात पुन्हा उठले आणि तिनं ते पुन्हा आवरले. दुसरं टोक बसलं. टक्क! सूर थांबला. त्यानं फळीवरून हात फिरवला, मागं वळला, आणि डब्यांपाशी जाऊन बसला.

उन्हं कलली. कल्याणनं जीपचा हॉर्न वाजवला. रेश्माची पिशवी तो मागच्या सीटवर ठेवून मोकळा झाला होता. फळी काढून मॅडम बाहेर पडल्या, चपला घातल्या, म्हणाल्या, "काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी पुढच्या महिन्यात येईन. तिसगावला की इथं, एवढं फोनवर कळवा."

रेश्मा घरातच उभी राहिली. जावं तर पाय उचलत नव्हता, राहावं तर कुणी राहा म्हटलं नव्हतं. दोन वर्षं जिची वाट बघितली ती हाक अजूनही आली नव्हती, आणि हाकेशिवाय राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. रामनं बापाकडं बघितलं. आण्णा लिंबाकडं चालले होते, पाठ रस्त्याकडं.

चालता चालता ते म्हणाले, "कल्याण, सूनबाईची पिशवी उतरव."

"आँ?"

"उतरव म्हनलं ना. आन लांब उभी कर तुझी गाडी, पोरगं दारं लावीत बसंल, रात हुईल तुला हितंच." खाटेवर बसत ते पुढं म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळू नये असं, "मला आता ऊस तोडायचा न्हाई, का मोट हाकायची न्हाई. ह्यो जाईल तिकडं मी जाईन. गुडघं दुखत्यात, पर नेवाश्यापत्तूर चालतील."

पिशवी उतरली. कल्याणनं ती ओसरीत ठेवली. वरचा लाडवांचा डबा घरंगळला, तो रतनबाईनं झेलला. "कडूबाईला समदं आदीच कळतं बाई," ती म्हणाली.

जीप गेली. धूळ उसावर बसली. रेश्मानं चुलीपुढं बैठक मारली, फुंकणी घेतली. हात आपसूक चालले. चहाचं आधण ठेवून तिनं मागं बघितलं तर पार्थ चौकटीत होता. त्यानं फळी उचलली, खाचेत बसवली. एक टोक, मग दुसरं. टक्क! राम आत होता, रतनबाई आत होती, ती आत होती.

"आरं ए!" बाहेरून आण्णा ओरडले. "मला भाईर ठिवला व्हय रं?"

रतनबाईनं कपाळाला हात लावला. राम फळी काढायला उठला, तर आण्णांनीच खाटेवरून हात हलवला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. काढू नको. त्याचं मन बसलंय तवर ऱ्हाऊ दे."

"पार्थ," रेश्मानं हाक मारली.

तो फळीवरून बोट फिरवत होता. वळला नाही.

"पार्थ, सोन्या."

वळला नाही. त्याच्या कुरळ्या केसांत चौकटीतलं शेवटचं ऊन अडकलं होतं. आत कुठंतरी एक ओवी हलली, उलटी की सुलटी ते तिला कळलं नाही, शब्दही नीट आले नाहीत.

चहाला उकळी आली. तिनं एक कप भरला, बशी वर झाकली, चौकटीपाशी आली. पार्थच्या डोक्यावरून हात लांब करून तिनं कप फळीवरून बाहेर धरला.

"मामा, च्या."

आण्णा उठून आले.

"साखर कमी हाय ना?" त्यांनी विचारलं, आणि कप घेतला.